गोबरगॅसची टाकी बंद का पडली?

परवा परसातली गोबरगॅसची जुनी टाकी उपसली. लोखंडी ड्रम गंजून चाळण झालाय. म्हटलं, हिचा इतिहास लिहून ठेवावा.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी वसाहतीत १८९७ सालीच मैल्यापासून गॅस काढला होता. शेणाचे प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ च्या सुमाराला झाले. पुढं जशभाई पटेलांनी गॅस भरला की वर उचलणाऱ्या ड्रमचं संयंत्र बनवलं. खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६० नंतर ते गावोगाव नेलं. १९८१-८२ ला राष्ट्रीय योजना आली. १९८४ ला विटांच्या घुमटाचं 'दीनबंधू' आलं, त्यात गंजायला ड्रमच नाही.

आमची टाकी १९८६ ची, ड्रमवाली. आईच्या डोळ्यांचा धूर गेला, सरपण वाचलं, वर स्लरी शेताला मिळायची.

पण २ घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं. ट्रॅक्टर आला आणि बैल विकले. मीच विकले. उरलेल्या एका म्हशीच्या शेणावर चहासुद्धा उकळेना. शेवटी सिलिंडर आणला.

लोक म्हणतात, गोबरगॅस फसला. आमच्याकडं टाकी नाही फसली, गोठा रिकामा झाला.

आता पुन्हा बायोगॅसचे दिवस आलेत, चांगलंच आहे. फक्त आधी शेण मोजा, मग खड्डा खणा.

तुमच्या गावात किती टाक्या चालू आहेत? सांगा.