गावची तालीम : सातारा-सांगलीच्या कुस्तीचे चढते-उतरते दिवस

कऱ्हाड, वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यातल्या जुन्या गावांत मारुतीच्या देवळाजवळ तालीम असायचीच. आत ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या तांबड्या मातीचा हौदा. शिकवायला गावातलाच वस्ताद. फी नाही, पगार नाही. पोरं पहाटे उठून जोर-बैठका मारायची, हौदा खणायची, मग लढती.

या भागाला राजाश्रयही होता. कोल्हापूरला शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं आणि शेजारच्या जिल्ह्यांतले मल्ल तिकडं ओढले गेले. औंध संस्थानात पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला.

संस्थानं गेली तरी तालमी थांबल्या नाहीत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या गड्याला तिथं गादीवर, म्हणजे मॅटवर लढावं लागलं. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढं मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य मिळवलं, १९६४ ला ते हिंदकेसरी झाले. तालमींचा हा भराचा काळ.

मग गळती कशी लागली? लोक मोबाईलला दोष देतात, पण खरं कारण खुराकाचं आहे. पूर्वी घरातला एक पोरगा कुस्तीसाठी राखायचे, शेतकामाला लावायचे नाहीत, म्हशीचं दूध त्याला पाजायचे. आता तेच दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं, त्याच्या बिलावर घर चालतं. तूप, बदाम, थंडाईचा खर्च वर्षानुवर्षं कोण करणार? शिवाय शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला गेली. ज्यांना कुस्तीच करायची ते कोल्हापूर-पुण्याच्या तालमींत राहू लागले. गावातल्या बऱ्याच हौद्यांची माती महिनोन् महिने कोणी खणत नाही. काही ठिकाणी तालमीची जिम झाली.

नियमही बदलले. मातीत चितपट होईस्तोवर झुंज चालायची. गादीवर ३-३ मिनिटांचे दोन डाव आणि गुणांवर निकाल. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात, दोन्हींचे विजेते शेवटी किताबासाठी भिडतात. पण नोकरी आणि परदेशातल्या स्पर्धा गादीवरच्या खेळालाच. गावाला गादी परवडत नाही, ही अडचण.

जत्रेनं मात्र कुस्ती धरून ठेवलीय. लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून नेमलेल्या मोठ्या कुस्तीपर्यंत हलगी वाजतेच. इनामाचे पैसे गाव वर्गणीतूनच काढतं. खानापूर तालुक्यातल्या भाळवणीचे चंद्रहार पाटील २००७ आणि २००८ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले. २०२२ ची ही स्पर्धा साताऱ्यात झाली.

आणि जुन्या तालमीत ज्यांना पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्या पोरी आता पुढं आल्यात. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली. गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं नेली.