पितळी पातेल्यातलं दूध

आम्ही नाशिकच्या द्वारका भागातल्या बचत गटाच्या महिला बोलतोय.

मागच्या बैठकीत आमच्या काही जणींनी तांब्या-पितळेची भांडी विकायचा विषय काढला. भांडी बाजार आणि तांबट लेन आम्हाला जवळच. नाशिकच्या भांड्यांचं नाव तर सगळीकडे. तेव्हा गटातल्या एक आजी म्हणाल्या, "विका गं, पण तान्ह्या बाळाचं दूध त्यात ठेवू नका, हे गिऱ्हाइकाला सांगा." त्यांच्या या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

आपल्या देशात लहान मुलांना यकृताचा एक जीवघेणा आजार व्हायचा. 1887 साली कोलकात्यात त्याची नोंद झाली होती. साधारण सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं कडक व्हायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. कधीकधी एकाच घरात एकामागून एक भावंडं जायची. मग लोक म्हणायचे, हा घराण्याचा दोष. अशा वेळी त्या आईला काय काय ऐकावं लागलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

1979 साली इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी दाखवून दिलं, की या मुलांच्या यकृतात तांबं फार साठलेलं असतं. पण ते आलं कुठून? याचा शोध पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी टॅनर यांच्यासोबत घेतला. त्यांनी आयांना साधे प्रश्न विचारले. वरचं दूध कधी सुरू केलं? कोणत्या भांड्यात तापवलं? किती वेळ ठेवलं? आजारी मुलं आणि त्याच वयाची दुसरी मुलं यांची तुलना केली. आजारी मुलांच्या घरी वरचं दूध लवकर सुरू झालेलं आणि ते पितळी भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं, असं जास्त आढळलं. 1983 आणि 1987 साली हे निष्कर्ष छापून आले.

पितळेत तांबं आणि जस्त असतं. कल्हई उडालेल्या भांड्यात दूध राहिलं की तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या प्रथिनाला चिकटतं. जन्मतःच बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा असतो, आणि जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकायची ताकद अजून आलेली नसते. मोठ्यांना सोसतं ते बाळाला सोसत नाही. आईच्या दुधात मात्र तांबं अगदी बेताचं असतं.

असं दूध प्यालेल्या प्रत्येक बाळाला हा आजार झाला नाही. काहींच्या शरीराची घडणच नाजूक असावी, असं डॉक्टर मानतात. पण हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टायरोल भागात 1900 ते 1974 या काळात 138 बाळं अशाच आजारानं गेली. तिथेही दूध तांब्याच्या भांड्यात तापवत. भांडी बदलली आणि आजार संपला.

आपल्याकडे पुण्याच्या डॉक्टरांनी शरीरातलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध वापरलं. वेळेत सुरू झालं तिथे काही मुलं वाचली. पण खरा फरक पडला तो स्वयंपाकघरात. डॉक्टर घरोघरच्या आयांना भांडं बदलायला सांगू लागले, स्टीलची भांडी आली, आणि हा आजार आता क्वचितच दिसतो.

आज तांब्या-पितळेची आवड परत आली आहे. आमचा त्याला विरोध नाही. तांबटांच्या हातावर कितीतरी घरं चालतात. आम्ही भांडी विकणार आहोत. पण गिऱ्हाइकाला तीन गोष्टी सांगणार आहोत. सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध. त्यानंतरही बाळाचं दूध स्टीलच्या भांड्यात. आणि पितळेला वेळच्या वेळी कल्हई; ताक, चिंच, लिंबू असं आंबट त्यात ठेवायचं नाही.

ज्या आयांना कुणी दोष दिला असेल, त्यांच्या कुशीत खोट नव्हती. त्यांनी डॉक्टरांना खरी उत्तरं दिली, म्हणून पुढची बाळं वाचली. तुमच्या घरी कुणी म्हातारी बाई अजून ते दुःख मनात धरून असेल, तर तिला हे जरूर सांगा.