चक्षू आणि श्रोत्र यांची साक्ष : भंडारा, १९५४

मज्झिम निकायातील वीमंसकसुत्तात तथागत भिक्खूंना आपलीच परीक्षा करावयास सांगतात. दुसऱ्याचे चित्त जाणता येत नसेल, तर डोळ्यांना दिसणारी कृती व कानांना ऐकू येणारी वाणी पारखावी. कीर्ती लाभल्यानंतर दोष उपजले काय, हेही पाहावे. शास्ताच जेथे या परीक्षेतून सुटत नाही, तेथे बाबासाहेबांना वगळणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

त्यांची वाणी सर्वश्रुत आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते. कृती पाहावयाची तर मे १९५४ मधील भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक पाहावी. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला हा मतदारसंघ द्विसदस्य होता व प्रत्येक मतदारास दोन मते होती. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे बाबासाहेब राखीव जागेसाठी, तर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेसाठी उभे होते. आपल्या मतदारांनी दुसरे मत कुजवावे, असे काही कार्यकर्त्यांनी सुचविल्याचे सांगितले जाते. हिशेब चुकीचा नव्हता. अनुसूचित जातीचा उमेदवार पुरेशा मतांनी सर्वसाधारण जागाही जिंकू शकत असे. १९५२ साली मुंबईत पराभूत झालेल्या नेत्याला हा मोह लहान नव्हता. परंतु संविधानाच्या शिल्पकाराने मत कुजविण्यास नकार दिला.

मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी सुमारे आठ हजार मतांच्या आघाडीने घेतली. या पराभवाची चर्चा आपण बहुधा विरोधकांच्या डावपेचांपाशीच थांबवितो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी शेजारच्या नागपुरात लाखोंनी ज्यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली, ते लोकसभेची निवडणूक दोनदा हरलेले नेते होते.