सी-स्कीम, बाईस गोदाम आणि बंदिस्त बाजार

जयपूरला गेलेला मराठी प्रवासी हवामहल पाहतो, आमेरचा किल्ला चढतो आणि संध्याकाळ मोकळी असेल तर राजमंदिर चित्रपटगृहात एक खेळ पाहून येतो. पाचबत्तीजवळचे हे चित्रपटगृह वामन नामजोशी या मराठी वास्तुरचनाकाराने रेखलेले आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मुंबईच्या 'लिबर्टी'च्या अंतर्रचनेवरही त्यांचाच हात फिरलेला आहे. १ जून १९७६ रोजी राजमंदिर खुले झाले. त्याच्या भोवतीची जी रुंद रस्त्यांची, एके काळी बंगल्यांची असलेली वसाहत, ती सी-स्कीम.

एखाद्या प्रतिष्ठित वसाहतीचे नाव असे रूक्ष का असावे? त्याचे उत्तर सरकारी कागदात आहे. सर मिर्झा इस्माईल म्हैसूरची दिवाणगिरी आटोपून १९४२ मध्ये जयपूर संस्थानचे पंतप्रधान झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. तटबंदीतले शहर गच्च भरले होते. बाहेर दक्षिणेकडे वस्ती हलवण्यासाठी ए, बी, सी, डी, ई अशा योजना आखण्यात आल्या. योजनेच्या संचिकेवरचे अक्षरच वसाहतीला कायमचे चिकटले. पुढे तिचे अधिकृत नाव अशोकनगर झाले, पण रिक्षावाल्याला ते सांगून पाहावे! आम्हा प्रशासकांची भाषा लोकांच्या तोंडी एवढी रुळल्याचे उदाहरण विरळाच.

मिर्झासाहेबांच्या आधी दोनशे वर्षे, १७२७ मध्ये, सवाई जयसिंगांनी तटबंदीतले शहर वसवले. त्यात बाजार ही रस्त्याची कड होती, स्वतंत्र इमारत नव्हती. सुमारे १११ फूट रुंद राजमार्ग, दोन्ही अंगांना एकसारखी दुकाने, आणि कालांतराने त्यांच्यापुढे आलेले सलग बरामदे. ४५ अंशांच्या उन्हात गिऱ्हाईक सावलीतून एका चौपडीपासून दुसऱ्या चौपडीपर्यंत जाऊ शकते. या बरामद्यांत दुकानदारांनी माल पसरला, फळ्या ठोकल्या, भिंती घातल्या. २००० मध्ये 'ऑपरेशन पिंक' नावाच्या मोहिमेत ते मोकळे करण्यात आले. त्याच सुमारास शहराच्या नव्या भागांत वातानुकूलित मॉलचे युग सुरू होत होते. एकीकडे सरकार जुन्या सावलीवरचे अतिक्रमण काढत होते आणि दुसरीकडे नव्या, वीज खाणाऱ्या सावलीला परवानगी देत होते. दोन्ही कामांवर सह्या आमच्याच सेवेतल्या लोकांच्या होत्या, हे नमूद केले पाहिजे.

सी-स्कीमच्या कडेला बाईस गोदामचा चौक आहे. गोदामांचे नाव घेऊन बसलेल्या या जागी गेल्या दोन दशकांत काचेचे मॉल उभे राहिले, हा योगायोग मला पहिल्यांदा तिथे उभा असताना मजेशीर वाटला होता. त्याची दुसरी बाजू अमेरिकेतील वाचकांनी पाहिलेली असेल. क्लीव्हलँडजवळचा रँडल पार्क मॉल २००९ मध्ये बंद पडला, पुढे पाडला गेला आणि २०१८ मध्ये त्याच भूखंडावर अॅमेझॉनचे वखारकेंद्र सुरू झाले. तिथे बाजाराचे गोदाम झाले. ऑस्टिनच्या हायलँड मॉलचे दैव बरे म्हणायचे, तिथे २०१४ पासून महाविद्यालय भरते.

बंदिस्त मॉलचा जनक व्हिक्टर ग्रुएन हा व्हिएन्नाचा. १९५६ मध्ये मिनेसोटातील एडाइना येथे त्याचे 'साउथडेल' उघडले. त्याच्या मनात घरे, शाळा, दवाखाने यांच्या मधोमध असलेला नगरचौक होता. प्रत्यक्षात बाजार तेवढा उभा राहिला आणि भोवती मोटारींचे मैदान पसरले. उतारवयात त्याने या अपत्याशी नाते नाकारले. आपल्याकडे हा प्रकार १९९९ मध्ये दिल्लीच्या अन्सल प्लाझाच्या आणि मुंबईत ताडदेवच्या 'क्रॉसरोड्स'च्या रूपाने आला. क्रॉसरोड्समध्ये प्रारंभी आत जायचे तर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे, अन्यथा ६० रुपये भरावे लागत. बाजाराला दार असते आणि दाराशी पहारेकरी असतो, हे मुंबईकराला तेव्हा नवे होते. पुढे त्या वास्तूने मालक बदलला, नाव बदलले, आणि ते नवे नावही टिकले नाही.

नाइट फ्रँक या मालमत्ता-सल्लागार संस्थेच्या २०२४ च्या अहवालाने देशात ६४ 'भूत मॉल' मोजले. ४० टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेल्या मॉलला तो अहवाल हे नाव देतो. त्यांत १.३३ कोटी चौरस फूट क्षेत्र अडकलेले होते. यावर 'लोक आता घरबसल्या मागवतात' असे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. ते मला पुरेसे वाटत नाही. ऑनलाइन खरेदी वाढली त्याच वर्षांत मोठे, नीट चालवलेले मॉल गर्दीने ओसंडत होते. फरक मालकीत आहे. फिनिक्स गिरणीच्या जागेवरचा मॉल एका कंपनीने मुख्यतः भाडेतत्त्वावर चालवला. कोणते दुकान कुठे असावे, कोणाला काढावे, हे तिच्या हाती राहिले. याउलट असंख्य विकासकांनी मॉल बांधता बांधताच गाळा-गाळा करून विकला आणि ते निघून गेले. उरले शेकडो मालक, एक सरकता जिना, आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च कोणी द्यायचा यावरचा वाद.

या वादाची परिसीमा भांडुपच्या 'ड्रीम्स' मॉलमध्ये झाली. हजाराहून अधिक गाळे, त्यांचे तितकेच विखुरलेले मालक आणि कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या प्रशासकाकडे. कोरोनाच्या काळात वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू होते. मार्च २०२१ मध्ये मध्यरात्री मॉलला आग लागली आणि ११ जणांचा मृत्यू झाला. रिकाम्या मॉलचा दुसरा उपयोग करावा, ही सूचना आम्ही अधिकारी बैठकांतून फार सहज करतो. ज्या इमारतीला खिडक्याच नाहीत तिथे रुग्ण ठेवायचे तर धूर बाहेर कुठून जाईल, हा प्रश्न कागदावर त्या सहजतेने येत नाही. बंदिस्त बाजाराची मूळ कल्पनाच बाहेरचे ऊन, वारा आणि वेळ आत येऊ नये ही आहे. शाळा, रुग्णालय वा घर यांना नेमके तेच हवे असते.

मग पाडून नव्याने बांधावे, तर संमतीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी २००९ चा शासन निर्णय आहे. २०१९ मध्ये तो सुधारून ५१ टक्के सभासदांच्या संमतीची अट आली. घराच्या बाबतीत सभासद निदान त्याच जिन्यावर भेटतो. मॉलच्या गाळेधारकांसाठी इतकी रुळलेली वाट नाही, आणि गाळेधारक भेटेल याचीही शाश्वती नाही.

एका महानगरपालिकेत असताना अशा मॉलची संचिका माझ्यापुढे आली होती. गाळेधारकांच्या यादीत कित्येकांचे पत्ते दुबईचे, न्यू जर्सीचे, सिंगापूरचे होते. दरमहा खात्रीचे भाडे मिळेल, या जाहिरातीवर विसंबून त्यांनी परदेशातून पैसे पाठवले होते. काहींची मुखत्यारपत्रे ज्या भावाच्या वा मामाच्या नावे होती, ते हयात नव्हते. नोटिसा परत येत होत्या. मालमत्ता कराची थकबाकी मात्र नियमाने वाढत होती. एक निवृत्त शिक्षिका सुनावणीला दोनदा आल्या. त्यांच्या मुलाने अमेरिकेतून घेतलेल्या गाळ्याचे कुलूप त्यांनी सहा वर्षांत उघडलेले नव्हते. "साहेब, हा विकता येत नाही, भाड्याने जात नाही, आणि माझाच आहे असे तुम्ही दरवर्षी लिहून पाठवता," असे त्या म्हणाल्या. मी त्यांना हप्ते बांधून दिले. त्याहून अधिक काही माझ्या अधिकारात नव्हते.

तटबंदीतल्या जयपूरला ६ जुलै २०१९ रोजी युनेस्कोने जागतिक वारसास्थळ ठरवले. तिथे प्रत्येक दुकानाचा मालक वेगळा, पण दुकानासमोरचा बरामदा सगळ्यांचा. गाळा-गाळा करून विकलेल्या मॉलमध्येही मालक असेच वेगवेगळे असतात. विक्रीखतात मधल्या मोकळ्या जागेचे वर्णन 'सामाईक' असे एका शब्दात येते आणि ती झाडायची कोणी, याचा उल्लेख नसतो. तुमच्यापैकी कोणाच्या नावावर गावाकडे असा गाळा असल्यास विक्रीखत काढून ते कलम एकदा वाचावे, मुखत्यारपत्राची तारीख पाहावी आणि पालिकेत आपला चालू पत्ता कळवावा.