लाल कोट, पाठीची गादी आणि माठातले पाणी

५ नोव्हेंबर १८१७ रोजी गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधल्या माळावर पेशव्यांचे आणि ईस्ट इंडिया कंपनीचे सैन्य समोरासमोर आले. या लढाईचे राजकीय परिणाम आपण वर्गात शिकवतो. आज आपण सैनिकांच्या अंगावरच्या कपड्यांकडे पाहू. कंपनीच्या पायदळाच्या अंगात लोकरी कापडाचे घट्ट लाल कोट होते. त्यातले बहुतेक शिपाई याच देशातले, घरी धोतर आणि सैल बंडी घालणारे. पलटणीत भरती झाले, की विलायतेच्या थंडीसाठी बेतलेला पोशाख त्यांच्याही अंगावर चढे.

पुढे खडकीला छावणी वसली. १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, बॉम्बे सॅपर्सचे मुख्य ठाणेही येथेच आले. विलायतेहून आलेला गोरा सोल्जर मुंबईच्या दमट हवेत उतरे आणि घाट चढून इकडे येई. त्याला या हवेत कसे जपायचे, हा लष्करी डॉक्टरांपुढचा प्रश्न होता. त्यांची उत्तरे दोन समजुतींवर उभी होती.

पहिली समजूत अशी, की पोटाला गारठा लागला की पटकी होते. म्हणून सोल्जरने भर उन्हाळ्यातही पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा बांधायचा. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये पटकीच्या जंतूची ओळख पटवली, तरी हा पट्टा त्यानंतर कित्येक वर्षे वापरात राहिला. दुसरी समजूत अशी, की उष्ण प्रदेशातल्या उन्हात काही विशेष किरण असतात आणि ते कवटीतून मेंदूला व पाठीतून मज्जारज्जूला इजा करतात. म्हणून डोक्यावर शोला या पाणवनस्पतीच्या भेंडाची जाड टोपी आणि पाठीच्या कण्यावर कापडाची शिवलेली गादी!

उन्हात डोके झाकण्यात काही चूक नाही. आपला शेतकरीही मुंडासे बांधतो. चूक होती ती कारण ओळखण्यात. खरे कारण समजून घेण्यासाठी आपण घरातल्या माठाकडे वळू.

मे महिन्यात खडकीला पारा ३९ अंशांवर असतो, तरी माठातले पाणी गार असते. मुंबईत पारा ३३ अंशांवरच असतो, पण तिथे माठाचे पाणी तितके गार होत नाही. माठातून झिरपलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर हे वाळणे मंदावते. आपले शरीरही असाच एक माठ आहे. एक ग्रॅम घाम त्वचेवर वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. घाम नुसता निथळून खाली पडला, तर ही उष्णता जात नाही. कापडात अडकून राहिला, तरी पुरता गारवा मिळत नाही. दमट हवेत कपडा निवडताना म्हणूनच पहिला प्रश्न हा विचारायचा : या कपड्यातून त्वचेपर्यंत वारा पोहोचतो का?

ही गोष्ट मोजून दाखवली जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने. कॉर्नवॉलमधल्या उष्ण खाणींत त्यांनी फुग्याभोवती ओले कापड गुंडाळलेला तापमापक वापरला. हवा जितकी दमट, तितके या कापडातले पाणी कमी वाळते आणि पारा वर राहतो. १९०५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : हवा स्थिर असताना या तापमापकाचा पारा ३१ अंशांच्या वर गेला, की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचेही तापमान चढू लागते. हवा खेळती असेल, तर माणूस याहून थोडे अधिक सोसू शकतो. या खाणींत ऊन नव्हतेच. तरी उष्णतेचा त्रास होत होता!

‘विशेष किरणां’ची परीक्षाही लवकरच झाली. फोटोग्राफीच्या काचेवर परिणाम करणारे किरण लाल-नारिंगी रंग अडवतो, तेव्हा या रंगाचे कपडे सैनिकालाही वाचवतील, अशी कल्पना होती. फिलिपाइन्समधल्या अमेरिकी सैन्यात ५०० सैनिकांना नारिंगी-लाल आतले कपडे दिले आणि दुसऱ्या ५०० जणांना नेहमीचे पांढरे. वर्षभर दोन्ही गटांची तुलना झाली. डॉक्टर जेम्स फॅलन यांनी १९१० मध्ये निकाल छापला : रंगीत कपड्यांचा फायदा नाही, उलट त्यात अधिक उकडते.

निकाल छापून झाला होता. तरी १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये पुणे डिव्हिजन आजच्या इराकच्या किनाऱ्यावर उतरली, आणि पुढच्या उन्हाळ्यांत तिथल्या गोऱ्या सोल्जरांच्या पाठीवर गाद्या होत्याच. या डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी आणि खडकीचे सॅपर्सही गेले होते. खाडीवरून वारा आला, की बसरा भागात उन्हाळ्यातली हवा विलक्षण दमट होते. नेमक्या अशा हवेत पाठीवर, जिथे भरपूर घाम येतो तिथेच, कापडाचा आणखी एक थर! उष्माघाताने तिथे अनेक सैनिक दगावले. सगळा दोष गादीला देता येणार नाही. पाण्याची टंचाई होती, श्रम होते, तंबूही तापत होते. पण वाचवण्यासाठी दिलेली वस्तू अंगातली उष्णता अडवत होती, एवढे नक्की.

हे आठवण्याचे कारण आपल्या शाळेतच आहे. कोकणात, मुंबईत ऑक्टोबरच्या उकाड्यात मुले जाड टेरिकॉटचा गणवेश, गळ्याशी बंद कॉलर आणि टाय घालून बसतात. का, असे विचारले तर उत्तर येते, ‘नियम आहे.’

नियम तपासण्याचा एक सोपा प्रयोग मुलांकडून करून घ्या. तीन सारखे तांबे घ्या. त्यांत सारख्याच तापमानाचे कोमट पाणी भरा. एकाला ओले, विरळ विणीचे सुती कापड गुंडाळा. दुसऱ्याला गणवेशाचे ओले कापड गुंडाळा. तिसऱ्याला पहिल्यासारखेच सुती कापड, पण वरून प्लॅस्टिकची पिशवी. तिन्ही पंख्याखाली ठेवून दर दहा मिनिटांनी तापमान लिहा. मग पंखा बंद करून प्रयोग पुन्हा करा. पावसाळ्यात एकदा आणि मार्चमध्ये एकदा केलात, तर दमटपणाचा परिणामही दिसेल.

आकडे फळ्यावर मांडा आणि पुढच्या वर्षीचा गणवेश ठरवायच्या बैठकीत ते मुलांनाच वाचून दाखवू द्या.