सप्ताहाची वीणा आणि तिची पारख

तंतुवाद्य विकत घेताना दांडीची ठेवण, नाद आणि किंमत या तीन बाबींचा तोल पाहण्याची रीत बहुतेक सर्व वाद्यसंस्कृतींत आढळते. परंतु या तिन्हींपैकी प्रथम कोणती पाहावी, हे ते वाद्य कोणाच्या हाती राहणार यावर ठरते. 2024 मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या अहमदनगर जिल्ह्यात या प्रश्नाला एक स्वतंत्र इतिहास आहे. येथे सर्वाधिक हातांतून फिरलेले तंतुवाद्य म्हणजे वारकऱ्यांची वीणा. ती विकत घेणारा सहसा एकटा वादक नसून गाव, दिंडी किंवा देवस्थान असते, आणि त्यामुळे तिच्या पारखीचा क्रमही मैफलीच्या तंबोऱ्याहून वेगळा पडला.

हा जिल्हा वारकरी परंपरेच्या वाटेवरच वसला आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 च्या सुमारास, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तुकारामांची परंपरा पुढे नेणारे निळोबाराय पारनेर तालुक्यातील पिंपळनेरचे, तर संतचरित्रकार महिपती राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे होते. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघणारी निवृत्तिनाथांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखीसोहळ्याला शिस्त लावली, तेव्हापासून दिंडीची जी रचना सर्वत्र रूढ होत गेली तिच्यात टाळकऱ्यांच्या रांगांमध्ये उभा राहणारा विणेकरी हा दिंडीचा प्रमुख मानला जातो. याच शतकाच्या मध्याच्या सुमारास गोदावरीच्या पात्रातील सराला बेटाचे गंगागिरी महाराज यांनी अखंड हरिनाम सप्ताहाची परंपरा सुरू केली. दरवर्षी नव्या ठिकाणी भरणारा हा सप्ताह श्रीरामपूर, कोपरगाव, वैजापूर या भागांतील अनेक गावांना आजही एकत्र आणतो.

सप्ताहाचा कणा म्हणजे वीणापहारा. सात दिवस आणि सात रात्री, म्हणजे 168 तास, वीणा जमिनीवर टेकवली जात नाही. एकाचा पहारा संपला की पुढचा विणेकरी पुढे होतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. रूपाने ही वीणा म्हणजे लहान आकाराचा, चार तारांचा आणि पडदे नसलेला तंबोराच होय. तिचा भोपळा कमरेच्या अंगाला टेकतो, दांडी खांद्याच्या दिशेने वर जाते आणि बोटे तारा मोकळ्याच छेडतात. येथे डाव्या हाताला तार दाबावयाची नसते, केवळ भार सांभाळावयाचा असतो. म्हणून दांडी हाताला कशी लागते या प्रश्नाचा अर्थच निराळा होतो. शेतात राबलेला रुंद पंजा, शाळकरी मुलाची बोटे आणि सत्तरीतल्या म्हाताऱ्याचे थरथरते मनगट या सर्वांना जी दांडी तासभर पेलवते तीच चांगली. खुंट्यांकडचा भाग जड असेल तर वीणा पुढे झुकते आणि विणेकऱ्याचा खांदा भरून येतो, आणि रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, जेव्हा मंडपात मोजकीच माणसे जागी असतात, तेव्हा हा दोष विशेष जाणवतो.

गिटारच्या बाबतीत हे गणित उलट आहे. तिथे दांडीची जाडी, तिच्या पाठीचा गोलवा आणि पडद्यांपासूनची तारांची उंची ही एकाच वादकाच्या हाताशी जुळवून पाहतात, कारण डाव्या हाताची बोटे सतत तारा दाबत असतात. पोलादी तारांच्या ताणाने दांडी वाकू नये म्हणून तिच्या पोटात धातूची सळई बसवून ती बाहेरून कमीअधिक ताणण्याची युक्ती अमेरिकेतील गिब्सन कंपनीने काढली व तिचे पेटंट 1923 मध्ये मिळवले; त्यामुळे थोडी वाकलेली दांडीही पुन्हा सरळ करता येऊ लागली. तंबोऱ्याच्या किंवा वीणेच्या दांडीत अशी सळई नसते, त्यामुळे लाकूड मुळात पुरेसे सुकलेले आहे की नाही यावर सर्व भिस्त असते. एका टोकाकडून डोळा लावून दांडी सरळ आहे का हे पाहण्याची जुनी सवय त्यासाठीच आहे.

हे लाकूड आणि हे कसब ज्या गावात एकवटले ते मिरज होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेबांनी तेथे तंबोरे व सतारी बनवण्यास आरंभ केला. शस्त्रांची मागणी ओसरत असताना धारेवर बसलेला हात लाकडाकडे वळला, आणि पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय व पुढे अब्दुल करीम खाँसारख्या गायकांचा सहवास लाभल्याने या व्यवसायाचा लौकिक देशभर झाला. दांडीसाठी तुणीचे लाकूड वापरतात, तर भोपळे सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात, पंढरपूर परिसरात पिकतात. तीच भीमा त्याआधी श्रीगोंदे आणि कर्जत तालुक्यांची दक्षिण सीमा धरून वाहत आलेली असते. भोपळा वाळवून, भिजवून, कापून त्यावर तबली, म्हणजे पुढची लाकडी पाटी, बसवतात आणि भोपळा व दांडी यांचा सांधा गुलूपाशी जुळवतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, हा या कारागिरांच्या पिढ्यांना मिळालेला उशिराचा पण योग्य मान आहे.

नादाचे रहस्य जवारीत असते. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पुलाचा, पृष्ठभाग किंचित गोलसर घासला जातो, जेणेकरून थरथरणारी तार त्याला हलकेच स्पर्शत राहावी. तारेखाली सारलेला सुताचा धागा ही जागा नेमकी करतो. त्यातून मूळ स्वरासोबत वरचे स्वर एकामागून एक फुलतात. अशा घोडीमुळे तारेच्या कंपनाचे प्रचलित नियम येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवून दिले. पेटी रूढ होण्यापूर्वी भजनाचा आधारस्वर वीणेवरच पेललेला असे, त्यामुळे गावकऱ्यांच्या कानाला जवारीची पारख नव्हती असे मानणे चुकीचे ठरेल. टाळ-पखवाजाच्या गजरात ती झाकली जात असली तरी रात्रीच्या पहाऱ्यात ती स्पष्ट ऐकू येते.

किंमतीचा विचार शेवटी येतो, परंतु तो गौण नसतो, कारण पैसा वर्गणीचा असतो. दुकानात प्रथम डोळ्यांत भरते ती दांडीवरची पांढरी नक्षी, आणि तिने किंमत वाढते, नाद वाढत नाही. तेवढ्याच पैशांत जुने सुकलेले लाकूड आणि जाड सालीचा भोपळा मिळत असेल तर तो सौदा गावाच्या हिताचा. पर्जन्यछायेतील या जिल्ह्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते, खुंट्या सैल होऊन फिरू लागतात आणि गुलूपाशी चीर दिसू लागते. श्रावणातील दमट हवेत त्याच खुंट्या घट्ट होऊन बसतात. खडूच्या भुकटीने खुंट्यांची तक्रार भागते, पण तारेने घोडीवर चर पाडला की जवारी पुन्हा काढावीच लागते, आणि त्यासाठी वीणा मिरजेच्या कारागिराकडे न्यावी लागते. दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये नगरवरून सुरू झाला आणि पुढे पुण्याहून मिरजेपर्यंत रेल्वे गेली, तेव्हा गाड्या बदलत का होईना, हा प्रवास शक्य झाला. वीणेच्या किंमतीत हा प्रवासही धरावा लागतो, आणि ज्या गावाने तो धरला नाही त्याची वीणा देवळाच्या खुंटीवर मुकी राहते.

1979 मध्ये बंगळूरच्या रॅडेल कंपनीने विजेवर चालणारा तंबोरा तयार केल्यावर रियाजाच्या खोलीतील लाकडी तंबोऱ्याची मागणी घटत गेली. पहाऱ्याच्या वीणेची जागा मात्र तो विजेचा तंबोरा घेऊ शकत नाही, कारण तेथे स्वर अखंड राहणे जितके आवश्यक आहे तितकेच तो कोणाच्या तरी गळ्यात असणेही आवश्यक आहे. त्यामुळे मिरजेच्या कारागिरांना या भागातील गावांचे गिऱ्हाईक आजही लागते, आणि ते गिऱ्हाईक वीणा गळ्यात अडकवून, उभे राहून, मगच भाव विचारते.