काकडी, माळवद आणि ओलं गोणपाट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम. घरात काकडी असेल तर हातात घ्या आणि मधोमध मोडा. कट्ट असा आवाज आला तर ती ताजी. नुसतीच वाकली, तर तिचं पाणी उडालंय. आज आपण याच आवाजाचा इतिहास बघणार आहोत. तोडलेली काकडी ताजी ठेवायला आपल्या लोकांनी काय काय केलं, ते कधी आणि का विसरलं गेलं, आणि ते परत कुठून सापडलं.

मी मूळचा मुरुमचा. धाराशिव जिल्हा, उमरगा तालुका. पलीकडे लगेच कर्नाटक, त्यामुळे आमच्या बाजारात काकडीला 'सौतेकाई' म्हणणारी गिऱ्हाइकंही भेटतात. सोलापूर-हैदराबाद महामार्ग जवळून जातो. आणि उन्हाळा? मे महिन्यात पारा चाळिशी कधी ओलांडतो ते कळतही नाही.

अशाच एका मे महिन्यात माझ्या काकांनी काकडी तोडली. दुपारी अकराला तोडणी संपली, कॅरेट बांधावर उन्हातच राहिले, पिकअप यायला चार वाजले. दुसऱ्या दिवशी पहाटे सौद्याला माल उभा राहिला, तेव्हा अडत्यानं एक काकडी उचलली, वाकवली आणि परत ठेवली. बोलला काहीच नाही. पट्टी हातात आली तेव्हा कळलं, गाडीभाडं आणि हमाली वजा जाता उरलेल्या पैशात तोडणीची मजुरीही निघत नव्हती. काका घरी येऊन म्हणाले, "पुढच्या साली काकडी नाय. ऊस लावतो." पाण्याची बोंब असलेल्या आमच्या भागात या वाक्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तिथून मी हे सगळं शोधायला लागलो.

आधी थोडं विज्ञान, म्हणजे पुढचा इतिहास सोपा जाईल. काकडीत साधारण 95 टक्के पाणी असतं. तिचा कुरकुरीतपणा म्हणजे दुसरं काही नाही, पेशींमध्ये भरलेल्या पाण्याचा दाब. हवा भरलेला फुगा ताठ असतो, तसंच. वेलावर असेपर्यंत मुळं पाणी पाठवत राहतात. तोडली की पुरवठा बंद, खर्च मात्र चालू. सालीतून पाणी उडत राहतं. वजनातलं साधारण 5 ते 7 टक्के पाणी गेलं तरी काकडी सुरकुतते. शिवाय ती तोडल्यावरही श्वास घेत असते, आणि जितकी गरम तितका तिचा श्वास जोरात. म्हणजे काकांची काकडी बाजारात खराब झाली नव्हती. ती बांधावरच, अकरा ते चार या वेळात संपली होती.

आता इतिहासाकडे येऊ. आपल्या भागात ज्वारी साठवायला पेव होतं. टणक मुरमाच्या जमिनीत खोल खड्डा, आत कडबा-भुसा, वरून तोंड लिंपून बंद. कांद्याला चाळ आली. धान्याचा हिशोब सरकारदरबारी, सावकाराच्या वहीत, सगळीकडे लिहिलेला सापडतो, कारण जे टिकतं त्यावर सारा बसवता येतो. काकडी दोन दिवसांत संपते. तिच्यासाठी कुणी कोठार बांधलं नाही, म्हणून तिचा इतिहास कागदावर कमी आणि बायकांच्या हातात जास्त राहिला.

खरं तर काकडी आपलीच. तिचं मूळ भारतातलं, हिमालयाच्या पायथ्याकडे तिची कडू रानटी बहीण अजून उगवते. संस्कृतात तिला त्रपुस म्हणत, त्यावरून कोकणातलं तवसं आलं. आपल्याकडचं वाळूक मात्र वेगळं. ते दिसायला काकडीसारखं, पण कुळानं खरबुजाचं. ज्वारी-तुरीच्या रानात आपोआप पसरणारं. गंमत अशी की रोमचा सम्राट टायबेरियस याला रोज काकडी लागायची, असं प्लिनीनं लिहून ठेवलंय. त्यासाठी चाकं लावलेले वाफे होते. ते उन्हात ढकलायचे, आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवायचे. अलीकडच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे की ती बहुधा आजची काकडी नव्हतीच, खरबूज कुळातली होती. म्हणजे रोमचा सम्राट जे खात होता ते आमच्या वाळकाच्या नात्यातलं!

पण बघा, सम्राटाचा सगळा खटाटोप बारमाही पिकवण्यासाठी होता. रोज ताजी तोडायची आणि खायची. टिकवायचा प्रश्न त्याला नव्हताच. तो प्रश्न असतो बाजार लांब असणाऱ्याला.

टिकवायचे दोन मार्ग आपल्याकडे जुने. पहिला कोकणातला. तिथे तवसं वेलावरच मोठं, जाड सालीचं, पिवळसर होऊ देतात आणि मग दोरीनं बांधून घरात आढ्याला टांगतात. जाड साल पाणी आत धरून ठेवते, आणि टांगल्यामुळे कुठे दाब बसत नाही, बुड सडत नाही. अशी तवशी कित्येक आठवडे राहतात. मग त्यांचं धोंडस होतं, गोव्यात तवसळी होते. दुसरा मार्ग आमच्याकडचा, वाळवण. वाळकाच्या चकत्या करून कडक उन्हात वाळवायच्या, त्या काचऱ्या झाल्या. टिकतात वर्षभर, पण कुरकुरीतपणाची गोष्टच संपली. ज्या उन्हानं काकडी मरते त्याच उन्हाला कामाला लावलं, एवढंच.

मग कोवळी काकडी, जी मोडल्यावर कट्ट वाजली पाहिजे, तिचं काय? याचं उत्तर मला आजीकडून मिळालं.

आमचं जुनं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, लाकडी खांब-तुळयांवर मातीचा जाड थर. बाहेर आग ओतत असली तरी आतल्या खोलीत गारवा. आजी सांगते, "काकडी तोडायची ती उजाडायच्या आत. दव असताना. देठ ठेवून, पिळून नाय तोडायची. पाटीत खाली लिंबाचा पाला, वर ओलं गोणपाट, आन् पाटी न्हेऊन माळवदाखाली रांजणाशेजारी." दिवसातून दोनदा गोणपाटावर पाणी शिंपडायचं. बस्स.

यात काय होतं? पाणी वाफ होताना उष्णता लागते. गोणपाटातलं पाणी उडताना ती उष्णता आजूबाजूच्या हवेतून आणि खालच्या काकडीतून ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणानं. आणि गोणपाटाखालची हवा ओलसर असल्यामुळे काकडीचं स्वतःचं पाणी बाहेर जायचं थांबतं. तहान गोणपाटाची भागते, काकडीची वाचते. हवा जितकी कोरडी तितका हा गारवा जास्त. म्हणून ही युक्ती मुरुमच्या मे महिन्यात झकास चालते आणि कोकणाच्या दमट हवेत तितकी चालत नाही. तिकडे आढं आणि इकडे गोणपाट, हा फरक हवामानातून आलाय.

दरबारांनाही हे माहीत होतं. अकबराच्या काळात पाणी गार करायला सोरा वापरत आणि वाळ्याच्या ताट्या भिजवून खोल्या थंड ठेवत, याच्या नोंदी अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहेत. बादशहाच्या वाळ्याच्या ताटीचं आणि आजीच्या गोणपाटाचं तत्त्व एकच. फरक इतकाच की एकाची नोंद झाली.

मग ही पद्धत गेली कुठे? इथे दोन गोष्टी घडल्या.

पहिली, बाजार लांब गेला. रेल्वे सोलापूरला 1860 साली आली आणि 1871 पर्यंत पुढे गुलबर्ग्यावरून रायचूरला पोचली. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला गेली. मुरुम या सगळ्यांच्या मधे, रुळांपासून लांब. त्यात सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आणि आम्ही सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. मधे करोडगिरीचे नाके. अशा वेळी काकडी हे आठवडी बाजारापुरतं पीक होतं. पहाटे तोडा, सकाळी विका. नंतर रस्ते झाले, ट्रक आले, सोलापूर आणि हैदराबाद एका रात्रीच्या टप्प्यात आले. माल पाटीतून कॅरेटमध्ये गेला. पण तोडणी आणि गाडी यांच्या मधल्या तासांत सावली कुठून आणायची, याचा विचार मागेच राहिला.

दुसरी गोष्ट 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. तेव्हा आमच्या तालुक्यात असलेलं सास्तूर उद्ध्वस्त झालं. आणि माणसांचा जीव घेतला तो मुख्यतः याच घरांनी. मातीत बांधलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि माळवदाचं मणामणांचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

मी भूकंपानंतर जन्मलो. माझ्यासाठी तो आकडा आहे, आजीसाठी नाही. आमच्या घराची मागची भिंत उभी फाटली होती. त्यानंतर आजी त्या गार खोलीत पुन्हा कधी झोपली नाही. घर उतरवलं, पत्र्याचं बांधलं. पूर्ण भागात हेच झालं, पत्रा आणि सिमेंट. जीव वाचवण्यासाठी ते बरोबरच होतं, त्याबद्दल दुमत नाही. पण पत्र्याखाली दुपारी माणूस बसू शकत नाही, तिथे काकडी काय टिकणार? घराबरोबर घरातला गारवा गेला, आणि गारव्याबरोबर ओल्या गोणपाटाची सवय.

तुम्ही म्हणाल, मग फ्रिज आहे की! तर इथे सगळ्यात मोठा गैरसमज. काकडीला बर्फासारखी थंडी चालतच नाही. 10 अंशांच्या खाली काही दिवस ठेवली की तिला थंडी बाधते. सालीवर खड्डे पडतात, पाणचट डाग येतात, आणि बाहेर काढल्यावर ती झपाट्यानं सडते. तिला मानवतं ते 10 ते 12.5 अंश तापमान आणि 95 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. एवढं मिळालं तर ती 10 ते 14 दिवस राहते. घरातला फ्रिज साधारण 4 अंशांवर चालतो, म्हणजे काकडीसाठी जरा जास्तच थंड.

आणि आता परत सापडण्याची गोष्ट. 1980 च्या दशकात दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. रॉय आणि डॉ. खुर्डिया यांनी 'शून्य ऊर्जा शीतकक्ष' तयार केला. नाव भारी, वस्तू साधी. विटांची दुहेरी भिंत, मधे साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत नदीची वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. वर ओल्या गोणपाटाचं किंवा वाळ्याचं झाकण, त्यावर सावलीचं छप्पर. वीज शून्य. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी कमी राहतं, आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास.

मी हे वाचलं आणि आजीला चित्र दाखवलं. तिनं मोबाइल लांब धरून बघितला आणि म्हणाली, "हे तर रांजणाशेजारची जागाच की रं. भिंत तेवढी कंबरेएवढी." मला हसू आलं, पण तिचं बरोबर होतं. माळवदाची जाड भिंत, रांजणाचं झिरपतं पाणी, ओलं गोणपाट, तिन्ही गोष्टी त्या चित्रात होत्या. आणि भिंत कंबरेएवढीच, म्हणजे पडली तरी कुणावर पडणार नव्हती.

काकांना पटवायला वेळ लागला. "काय करलालास रं हे, विटांचा खेळ?" असं दोनदा ऐकून घेतलं. शेवटी लिंबाच्या झाडाखाली जुन्या घराच्याच विटा वापरून एक कक्ष बांधला. तोडणी पहाटेवर आणली. माल आधी सावलीत, मग कक्षात, गाडी आली की थेट गाडीत. सौद्याला काकडी वाजली. भाव काही आभाळाला भिडला नाही, भाव काकडीच्या हातात नसतोच. पण माल परत ढकलला गेला नाही, आणि गाडी उशिरा आली तरी काकांची झोप उडाली नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की कक्षाचा गारवा कमी होतो, हेही आम्ही अनुभवलं. तो उन्हाळ्याचा सोबती आहे. काकांनी यंदा ऊस लावला नाही. सध्या एवढं पुरे.

जाता जाता तुमच्यासाठी. काकडी फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर कोरडी पुसून, सुती कापडात गुंडाळून, खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. सफरचंद, केळी, टोमॅटो यांच्याजवळ ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूनं काकडी पिवळी पडते. फ्रिज नसेल तर माठाशेजारी ओल्या फडक्याखाली ठेवा. आणि घरात आजी असेल तर तिला विचारा की त्यांच्याकडे काकडी कुठे ठेवायचे. मिळालेलं उत्तर व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करून मला पाठवा. धान्याच्या कोठारांचा इतिहास लिहून झालाय, या ओल्या गोणपाटांचा अजून बाकी आहे.

भेटूया पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा, सावलीत राहा!